नाकाशेजारची फट

माझी आई यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या एका जिनिंगात कामाला होती. दिवाळी झाली की हंगाम लागायचा आणि होळीपर्यंत चालायचा. सकाळी डबा बांधताना ती जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडून कमरेला खोचायची. जिनात शिरताना ती पट्टी नाकावरून मागे न्यायची आणि अंबाड्याखाली गाठ मारायची. संध्याकाळी घरी आली की अंगणातच उभी राहून ती सोडायची. बाहेरच्या बाजूला कापसाच्या तुसाचा पांढरा थर बसलेला असायचा. आम्ही भावंडं तो नखाने सोलायचो, पापुद्र्यासारखा अख्खा निघायचा. आतली बाजू मात्र स्वच्छ. तोंड बांधलं की बाहेरचं आत जात नाही, ही माझी खात्री त्या पट्टीवरून झालेली.

पुढे नर्सिंग केलं, सरकारी नोकरी लागली. जिल्ह्यातल्या तीन ग्रामीण रुग्णालयांत मिळून आता तीस वर्षं होत आली. ती खात्री मोडायला त्यातली निम्म्याहून जास्त लागली.

२००९ च्या ऑगस्टमध्ये, ३ तारखेला, स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जूनलाच महामारी जाहीर केली होती, पण आमच्याकडे तोवर ती टीव्हीतली गोष्ट होती. पुण्यातली माणसं दस्त्या बांधून रांगेत उभी असलेली दिसली आणि आठवडाभरात आमच्या गावातल्या मेडिकलवाल्यांकडचे हिरवे मास्क संपले. ओपीडीत साधी शिंक आली तरी बाकावर जागा व्हायची. अ, ब, क असे रुग्णांचे गट पाडायचं परिपत्रक आलं. साधा सर्दी-ताप तो 'अ', त्याला घरी पाठवा. ताप जास्त, घसा फार दुखतोय किंवा पेशंट गरोदर बाई, म्हातारा, दमेकरी असा जोखमीचा असला तर 'ब', गरजेप्रमाणे टॅमीफ्लू द्या. धाप लागलेला 'क', त्याला भरती करा आणि घशाचा स्वॅब घ्या. स्वॅब बर्फाच्या डब्यातून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला, एनआयव्हीला, जायचा, इथून जवळपास सहाशे किलोमीटर. रिपोर्ट यायचा तोवर पेशंट एक तर बरा होऊन चहा मागत असायचा, नाहीतर यवतमाळला हलवलेला असायचा.

त्या दिवसांत एन-९५ मी पहिल्यांदा हातात घेतला. वाटीसारखा, पांढरा, दोन रबरी पट्ट्यांचा. आमच्या वॉर्डाला वीस नग आले होते. इनचार्ज सिस्टरांनी ते कपाटात कुलपात ठेवले, वहीत सही केल्याशिवाय मिळायचे नाहीत. एकाला पंधरा दिवस चालवा, असा तोंडी हुकूम. आम्ही त्यावर पेनने नावं लिहिली. माझ्या मास्कवर कुंकवाचा डाग पडला होता आणि आत पावडरचा पिवळसर ठसा.

वॉर्डातल्या सफाईच्या मावशी फार नेटक्या बाई. त्यांचा पोछा मारलेल्या फरशीवर पाय ठेवायला जीव कचरायचा. एका रविवारी त्यांना ते डागाळलेले मास्क पाहवले नाहीत. सोमवारी सकाळी ड्युटीवर आले तर मागच्या व्हरांड्यात दोरीवर सहा एन-९५ चिमट्यांना टांगलेले. साबणाच्या वडीने घासून, दोन पाण्यांतून काढून, उन्हात कडक वाळवलेले.

"पाहा सिस्टर, कशे नवेकोरे केले," मावशी म्हणाल्या.

आम्ही त्यांचं कौतुक केलं. खरंच सांगते, मनापासून केलं. आणि ते सहा मास्क पुढचे दहा दिवस लावून स्वॅब घेतले, पेशंट खोकत असताना पुढे वाकून सलाईन लावलं. कुणाला काही झालं नाही. पण आता मागे वळून पाहिलं की पोटात गोळा येतो, कारण त्या धुण्यात मास्कची वाटी तेवढी उरली होती, मास्क गेला होता.

हे कळलं २०१५ मध्ये. जानेवारी-फेब्रुवारीत नागपूरकडून पुन्हा स्वाइन फ्लूच्या बातम्या यायला लागल्या. तेव्हा आमच्याकडे एक तरुण डॉक्टर होते, बॉण्डवर आलेले. मी त्यांना मावशींची गोष्ट हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही एन-९५ ला चाळणी समजता का?"

समजत होतेच. चाळणी जितकी बारीक तितकं पीठ मऊ, तसंच. त्यांनी सांगितलं की तसं नाही. एन-९५ मध्ये कापसाचा एक धागा नसतो. तो सगळा प्लास्टिकचा, पॉलिप्रॉपिलीनचा. वितळलेलं प्लास्टिक हवेच्या झोताने उडवून त्याची केसाहून कितीतरी बारीक तंतूंची गादी करतात आणि त्या गादीत विजेचा भार भरतात. कण तंतूंमधल्या फटीत अडकून नाही, तंतूला चिकटून थांबतो. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण पकडायला सगळ्यात अवघड, म्हणून परीक्षा त्याचीच घेतात. त्यातले १०० पैकी ९५ पकडले तर पास. त्याहून मोठे तर पकडले जातातच, आणि गंमत म्हणजे त्याहून लहानही जास्त पकडले जातात, कारण ते हवेत सरळ न जाता भरकटत जातात आणि कुठेतरी तंतूला धडकतात. साबण, स्पिरिट लागलं की तो विजेचा भार उतरतो. मागे उरतं ते नुसतं जाळं.

मला हे ऐकताना आईच आठवली. जिनिंगात सुती लुगडं नेसलेल्या बाया संध्याकाळी पदर झटकून मोकळ्या व्हायच्या, पण एखादी नायलॉनची साडी नेसून आली की तिच्या साडीला कापसाचे तंतू असे चिकटायचे की झटकून जात नसत, एकेक वेचावा लागे. "नायलॉन नेसू नका व बायांनो, जीन घरी घेऊन जासान," असं आई म्हणायची. एन-९५ म्हणजे तोंडावर बांधलेली नायलॉनची साडी. आणि आमच्या मावशींनी ती सुती करून टाकली होती.

डॉक्टरांनी दुसरीही एक गोष्ट करायला लावली. मास्क लावून दोन्ही तळवे त्यावर धरायचे आणि जोरात श्वास सोडायचा. माझ्या डोळ्यांच्या कडांना वारा लागला. नाकाच्या दोन्ही बाजूंनी हवा मोकळी ये-जा करत होती. "मग इतके दिवस तुम्ही गाळलेली हवा घेत नव्हता, बाजूने आलेली घेत होता," ते म्हणाले. पत्र्याची पट्टी दोन बोटांनी नाकाच्या हाडावर दाबत दाबत खाली न्यायची, वरची पट्टी डोक्याच्या मागे उंच, खालची मानेवर. आम्ही तर दोन्ही पट्ट्या मानेवर घालायचो, अंबाडा मोडू नये म्हणून. खालची तर कितीदा गळ्यात लोंबत सोडलेली असायची. दाढीवाल्या ब्रदरांना त्यांनी सरळ सांगितलं, दाढी तरी ठेवा नाहीतर मास्क. ब्रदरांनी दाढी ठेवली.

आईच्या पट्टीचा विचार मी त्यानंतर नव्याने केला. बाहेर जो पांढरा थर दिसायचा तो अडलेला. जे अडलं नाही ते पट्टीवर दिसणार कसं? आईला हंगामात कोरडा खोकला असायचा. बाजाराच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेली की छाती आवळल्यासारखी वाटते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुटते, असं ती सांगायची आणि आम्ही म्हणायचो, सुट्टीचा आळस. सूतगिरणीच्या कामगारांना बिसिनोसिस नावाचा आजार होतो, कापसाच्या बारीक धुळीने, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरणं हेच त्याचं लक्षण, असं आम्ही नर्सिंगला शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. आईशी ते जोडून पाहायचं मात्र कधी सुचलं नाही. तिला तेच होतं असं मी म्हणत नाही, कुणी तपासलंच नाही. पण तूस अडलं म्हणून धूळ अडली, हा माझा हिशोब कच्चा होता.

कापडाची खरी धास्ती मात्र मला फ्लूने नाही, फवारणीने लावली.

२०१७ चा पावसाळा जिल्हा विसरणार नाही. त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. माणूस पंप पाठीवर घेऊन तासात शिरला की दिसेनासा व्हायचा, आणि नळी वर धरून फवारलेलं त्याच्याच डोक्यावर पडायचं. बॅटरीचे चायना पंप आले होते, त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक. ऑगस्टपासून एकेक येऊ लागले, सप्टेंबरात रांग लागली. डोळ्यांना अंधारी, उलट्या, तोंडातून लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, शेकडो भरती झाली. आम्ही ॲट्रोपीन देऊन यवतमाळला पाठवायचो.

एक मजूर, पस्तिशीचा असेल, बायकोने आणि भावाने धरून आणला. तोंडाला अजून दुपट्टा बांधलेला. मी गाठ सोडायला गेले तर दुपट्टा ओला. वास असा की डोकं भणाणलं. खालची कातडी ओठांपासून हनुवटीपर्यंत लाल, सोलवटल्यासारखी. भाऊ पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तोंड तं बांधलंच होतं न बाई. तोंड तं बांधलंच होतं."

बांधलं होतं म्हणूनच, असं माझ्या तोंडावर आलं आणि मी गिळलं. सकाळपासून त्या कापडाने औषध पिऊन घेतलं होतं आणि ते पाच तास त्याच्या नाकातोंडाला लावून धरलं होतं. विष नुसतं श्वासातून थोडंच जातं, कातडीतूनही जातं. तो वाचला. आठव्या दिवशी यवतमाळहून परतताना आमच्याकडे येऊन गेला, तेव्हा नवा दुपट्टा खांद्यावर होता.

त्यानंतर गावोगाव मास्क वाटायची लाट आली. शेतकरी आमच्या ओपीडीत येऊन "स्वाइन फ्लूवाला मास्क द्या, फवारायचं हाये" म्हणायचे. आमच्याकडचे तीन पदरी मास्क मी दिलेही, नाही म्हणवलं नाही. पण देताना सांगायची, हा थेंब अडवतो, वास अडवत नाही. वासाला, म्हणजे औषधाच्या वाफेला, कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. एन-९५ सुद्धा वाफेपुढे बिनकामाचा. त्याच्या नावातला 'एन' म्हणजेच तेलकट फवाऱ्यासाठी नाही अशी खूण आहे, आणि कपाशीवरची कितीतरी औषधं तेलात विरघळवलेलीच येतात. लोक ऐकून घ्यायचे, मास्क खिशात घालायचे. एक म्हातारा म्हणाला, "तुमचा हा बी नाही चालत, दुपट्टा बी नाही चालत. मंग आमी फवारावं कसं?" कोळशाच्या डबीवाला मास्क आमच्या तालुक्याच्या कृषी केंद्रात तेव्हा मिळत नव्हता. मी त्याला निदान वाऱ्याकडे पाठ करून फवारा आणि घरी गेल्यावर आंघोळ करा, एवढं सांगितलं.

म्हणून २०२० च्या मार्चमध्ये दुबईहून आलेल्यांमध्ये जिल्ह्यातले पहिले कोरोना पेशंट सापडले आणि एप्रिलच्या सुरुवातीला केंद्र सरकारने 'घरीच कापडी मास्क शिवा' म्हणून सांगितलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला. पुन्हा कापड?

माझ्या वहिनीचा बचत गट आहे. त्यांना ग्रामपंचायतीची मास्कची ऑर्डर मिळाली. लॉकडाऊनमध्ये इलॅस्टिक संपलं, तर त्यांनी परकराची नाडी लावली. मी ड्युटीवरून आले की अंगणात लांब बसून त्यांना सूचना द्यायची, नर्सबाई ना मी! पण शिकवणारी मीच शिकून उठले. वहिनी म्हणाली, "ब्लाउज शिवाचा तं आपण दहा मापं घेतो. मास्काले एकच माप, लेकरालेही तेच अन् पाटलालेही तेच. बसन कसा?" आणि तिने टेप घेतला. नाकाच्या हाडापासून हनुवटीखालपर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. तीन मापं ठरवली. तीन चुण्या घातल्या, म्हणजे बोलताना मास्क खाली ओढला जात नाही. नाकावर विजेच्या वायरमधली तांब्याची तार सोलून शिवली. कापड निवडताना उजेडाला धरायची, पलीकडचं दिसलं की बाद. शेजारच्या काकांनी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत बनणाऱ्या डेनिमचा एक तुकडा आणून दिला, जाड म्हणजे चांगला असेल म्हणून. वहिनीने शिवला, मी लावला आणि श्वास ओढला. कापडातून काहीच आलं नाही, सगळी हवा गालांवरून आली. पॉपलीनचे तीन पदर त्याहून बरे निघाले.

भाच्याने खेळ काढला. मेणबत्ती लावायची, मास्क बांधून फुंकर मारायची. दुपट्ट्यातून विझली. दस्तीच्या दोन घड्यांतून फडफडून विझली. वहिनीच्या तीन पदरी मास्कातून ज्योत हललीसुद्धा नाही. गटातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या आणि मला तेव्हा कळलं की मी कापडाला इतकी वर्षं चुकीचा प्रश्न विचारत होते. त्याने माझ्याकडे येणारं किती अडतं, हेच मी पाहत होते. खोकणाऱ्याच्या तोंडून निघालेला थेंब तोंडाशी मोठा आणि ओला असतो, तिथे कापड त्याला गाठतं. तोच थेंब हवेत सुकला, बारीक झाला आणि खोलीभर तरंगायला लागला की कापडाच्या हातून गेला. एकच पट्टी, पण आजाऱ्याच्या तोंडावर ती बऱ्यापैकी काम करते आणि माझ्या तोंडावर फारच थोडं.

त्याच वर्षी ते बॉण्डवाले डॉक्टर, आता मोठ्या शहरात असतात, फोनवर एका अभ्यासाबद्दल बोलले. व्हिएतनाममध्ये हनोईच्या १४ रुग्णालयांत १६०७ आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेला, २०१५ मध्ये छापून आलेला. काहींना कापडी मास्क, काहींना दवाखान्याचे, काहींना जे नेहमी करता ते करा म्हणून सोडलेलं. कापडीवाल्यांना फ्लूसारखा ताप सगळ्यात जास्त. प्रयोगशाळेत त्या कापडातून ९७ टक्के कण पार गेले, दवाखान्याच्या मास्कमधून ४४ टक्के. हे ऐकून मला विजय झाल्यासारखं वाटलं असतं, पण त्यांनी पुढचं सांगितलं. काहीच न लावणाऱ्यांचा गट त्यात नव्हता, त्यामुळे कापड हे काहीच नसण्याहून वाईट असं त्यावरून म्हणता येत नाही. आणि २०२० मध्ये त्याच आकड्यांची पुन्हा मांडणी झाली तेव्हा दिसलं की ज्यांचे कापडी मास्क रुग्णालयाच्या धुलाईत धुतले जात होते ते दवाखान्याचे मास्क लावणाऱ्यांइतकेच सुरक्षित राहिले. घरी स्वतः हाताने धुणाऱ्यांचं बिघडलं.

मला त्या हनोईच्या नर्सा डोळ्यांसमोर दिसल्या. नाईट करून घरी आलेल्या, लेकराचा डबा करता करता नळाखाली मास्क चोळणाऱ्या, तो अर्धवट ओला असतानाच पर्समध्ये टाकून पुन्हा ड्युटीला निघालेल्या. मीही तेच करत होते. आमच्याकडे धुलाई होती, पण तिथे चादरी जायच्या, मास्क नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला अजून पुरती पचलेली नाही. कॅनडात ओंटारिओतल्या ४४६ नर्सांवर २००९ मध्ये आणि पुढे अमेरिकेत २०१९ मध्ये छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात, साधा सर्जिकल मास्क आणि एन-९५ यांत फ्लू होण्याच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. प्रयोगशाळेत एवढा वरचढ असलेला मास्क वॉर्डात बरोबरीला कसा येतो? जाणकार याची निरनिराळी कारणं देतात. मी माझ्या वॉर्डापुरतं बोलते. स्वॅब घेताना दोन मिनिटं आम्ही दाबून लावायचो. मग चेंजिंग रूममध्ये चौघी मास्क काढून एका डब्यातली भाजी खायचो, त्यातली एक नाक ओढत असायची. घरी लेकरू तापलेलं असायचं, त्याला काय एन-९५ लावून कुशीत घेणार? आणि बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यात, पंखा बंद असलेल्या खोलीत तो मास्क तासाभरानंतर कुणीही नाकाखाली ओढतंच. मीही ओढलाय. तरीही स्वॅब घ्यायला उभं राहायचं असेल तर मी एन-९५ च मागेन, त्यात मला शंका नाही. दोन मिनिटं का होईना, ती पेशंटच्या तोंडासमोरची असतात.

आमच्या आजीच्या बोलण्यात 'मानमोडी' यायची, १९१८ ची फ्लूची साथ. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला तेव्हा देशात सगळ्यात जास्त मार बसलेल्यांत गणतात. आजीने तिच्या आईकडून ऐकलेलं. घरात आजाऱ्याला पाणी देणारी बाई पदर तोंडात धरून आत जायची, पाणी ठेवायची आणि बाहेर येऊन तोच पदर डोळ्यांना लावायची. एवढंच ती सांगायची.

गेल्या हिवाळ्यात आई माझ्याकडे होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. कापूस वेचणीचे दिवस, गावभर सर्दी-ताप. एका रात्री तिला हुडहुडी भरली, अंग कढत, खोकला थांबेना. मी कपाटातून दोन मास्क काढले, एक वहिनीने शिवलेला पॉपलीनचा आणि एक एन-९५. पॉपलीनचा तिच्यापुढे धरला.

"मले कायले? मी तं आजारी हाये. तू बांध," ती म्हणाली.

"आई, धाप लागली तर लगेच काढ. पण खोकताना हा तूच लाव, तो तुझ्यासाठी आहे. माझा वेगळा."

तिने तो हातात घेतला, उलटापालटा केला, उजेडाला धरला. मग कानांच्या दोऱ्या सोडून दोन्ही नाड्या मागे नेल्या आणि अंबाड्याखाली गाठ मारली. जिनिंग सुटून पंचवीस वर्षं झाली तरी गाठ मारायची सवय गेली नव्हती. मी माझा लावला आणि थर्मामीटर वाचायला चष्मा चढवला, तर काचांवर वाफ धरली, काही दिसेना.

"नाकापाशी दाब," आई मास्काआडून म्हणाली. "तिकून वारा जाते."

मी पट्टी दोन बोटांनी हाडावर दाबली. वाफ विरली. एकशे दोन होता.